फुटलेल्या जहाजाचा माल

पूर्वी पश्चिमेच्या तुरुष्क देशात आल्पान नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व यालीकेंद बंदराचा अमात्य होता. त्या जन्मी त्याचे नाव एर्देम. ते राज्य मूळचे डोंगरपठारावरचे. तिथे लोकर उदंड, पण घेणारे कोणी नव्हते. राजाच्या वडिलांनी समुद्रकाठ जिंकला आणि सारे पालटले. उंटांच्या तांड्यांवरून लोकरीचे कापड बंदरात उतरू लागले, मिसर देशाची साखर आणि मिरी पठारावर चढू लागली. वाटेवर धर्मशाळा उभ्या राहिल्या, गावोगाव माग चालू लागले.

एका हिवाळ्याच्या सुरुवातीला हारिथ नावाच्या मिसरी व्यापाऱ्याचे जहाज वादळात सापडून बंदराच्या तोंडाशी फुटले. माणसे वाचली. माल लाटांनी काठावर आणून टाकला. समुद्राने टाकलेले ते राजाचे, अशी त्या किनाऱ्याची वहिवाट होती, आणि सीमेवरच्या लढाईमुळे खजिना आटलेला. राजाने माल उचलण्याचा हुकूम पाठवला. एर्देमने तो पाळला नाही.

राजाने त्याला बोलावून विचारले, "समुद्राने मला दिलेले अडवणारा तू कोण?"

"महाराज, समुद्राने ते या माणसाकडून हिरावले आहे. त्याला आसरा द्यायचा की उरलेसुरलेही घ्यायचे, एवढेच आपल्या हाती आहे."

राजाला उत्तर झोंबले. एर्देमचे पद गेले आणि माल राजवाड्यात गेला. एर्देमने मनात राग धरला नाही. राहते घर विकून त्याने हारिथची व खलाशांची परतीची सोय केली आणि स्वतः बंदरातल्या दोर वळणाऱ्यांत कामाला जाऊ लागला.

राजाने बुडालेल्याचा माल घेतला आणि त्याची बाजू घेणाऱ्याला काढून टाकले, ही बातमी बंदरोबंदरी पोहोचली. पुढच्या उन्हाळ्यात यालीकेंदला एकही जहाज लागले नाही. कापडाचे गठ्ठे कसरीने खाल्ले, धर्मशाळा ओस पडल्या. थंडी आली तेव्हा पठारावरच्या विणकरांनी चुलीत मागाची लाकडे घातली. हे ऐकून एर्देमला रात्री जेवण जाईना.

वसंतात एक लहान जहाज आले. त्यातून हारिथ उतरला. आपण एर्देमला न्यायला आलो आहोत, मिसरात मानाची जागा तयार आहे, असे त्याने सांगितले. एर्देम म्हणाला, "मी सुखात राहीन, पण विणकरांना कोण नेणार? तुम्ही माझ्यासाठी आलात, तर माझ्याबरोबर राजाकडे चला."

राजाने सारे ऐकून घेतले. या वर्षात त्यानेही पठारावरून उठून गेलेली गावे पाहिली होती. त्याने हारिथला विचारले, "तुझा माल भरून दिला, यापुढे आमच्या पाण्यात बुडेल त्याचे नुकसान खजिन्यातून सोसले, तर जहाजे येतील? माझ्या शब्दावर भरवसा ठेवशील?"

"आपल्या नाही, महाराज. यांच्या ठेवीन."

राजाने बोटातली मुद्रा काढून एर्देमच्या हातात ठेवली. "मग बंदरात माझा शब्द यापुढे हाच देईल."

जहाजे लगेच आली नाहीत. आधी एक आले, मग दुसरे. दोन-तीन वर्षांनी मागांचा आवाज पुन्हा घुमू लागला.

आपल्या पूर्वजन्माची ही कथा सांगून भगवान शास्ते म्हणाले, "भिक्खूंनो, तेव्हाचा आल्पान राजा तो आजचा आनंद, हारिथ तो सारिपुत्त, पठारावरचे विणकर ते हे समोर बसलेले उपासक, आणि दोर वळणारा अमात्य मीच होतो. संकटात सापडलेल्याच्या वस्तूला हात न लावणे आणि स्वतःचे सुख दारी आले तरी इतरांना न सोडणे, ही करुणा मी त्या जन्मी पाळली."