आधी नाव, मग सोंग

फार फार वर्षांपूर्वी, बरं का, उंबरमाळला अजून रस्तासुद्धा नव्हता, तेव्हा तिथं चैती भोये नावाची बाई राहायची. तिला लाकूड कोरता यायचं नाही, रंगही देता यायचा नाही. पण बोहाड्याच्या उत्सवात देवांची सोंगं जे मुखवटे घालून नाचतात ना, ते पाच गावांचे मुखवटे तिच्याच माळ्यावर असत. चुलीच्या धुरामुळे त्यांना वाळवी लागत नसे. कुणा कोरणाऱ्याच्या घरी दाणा नसला, की चैती पाचही गावं फिरून टोपलीभर नागली गोळा करायची आणि त्याच्या दारात ठेवायची. म्हणायची, "खा, आणि कोरायला बस."

सोंग निघायच्या आधी ती त्या मुखवट्याच्या कारागिराचं नाव मोठ्यानं घ्यायची. मेलेल्याचंसुद्धा. नाव घेतलं की मुखवटा डोळे उघडतो, असं म्हणतात.

एकदा राजाचे शिपाई आले आणि सगळे बावन्न मुखवटे उचलून घेऊन गेले. दरबाराच्या भिंतीवर ते टांगले, वर पाटी लावली: राजेसाहेबांचा कलासंग्रह. चैती मागोमाग तिथं पोचली. कारागिरांची नावं कुठायत म्हणाली. कारभारी हसला. "रानातल्या माणसांची नावं कोण विचारतंय, बाई?"

"मी विचारते!" चैती कडाडली.

आणि काय सांगू! बावन्नच्या बावन्न मुखवट्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. शिपायांनी सरळ केले, परत फिरले. खिळे ठोकले, तर खिळे वाकले. पाहुण्यांनी भरलेला दरबार, आणि समोर नुसत्या लाकडाच्या पाठी!

राजा भडकला. "सरळ कर यांना, नाहीतर सगळे जाळून टाकतो."

चैतीनं लेकरांसारखे जपलेले मुखवटे ते. पण ती जागची हलली नाही. म्हणाली, "जाळ. नावं माझ्या तोंडात आहेत, ती कशी जाळशील? नाहीतर ऊठ, आणि तूच नावं घे." आमच्यात देवालाही अरेतुरे करतात, तिथं राजाची काय मातब्बरी!

पाहुण्यांसमोर आणखी शोभा नको, म्हणून शेवटी राजा उठला. चैती सांगत गेली, तो म्हणत गेला. काकड्या धूम. लखमा पागी. बुध्या वरठा. एकेका नावाला एकेक मुखवटा वळला. बावन्नावं नाव झालं, तसे ते भिंतीवरून उतरले आणि चैतीच्या मागे चालत गावाला आले, असं म्हणतात. मुखवट्यांना पाय कुठले, असं विचारू नका. लहानपणी मी विचारलं होतं, पाठीत धपाटा मिळाला.

आजही उंबरमाळला आधी नाव, मग सोंग. मध्यंतरी एक बडे साहेब पाहुणे आले होते. घाईत होते. म्हणाले, "नावं राहू द्या, नाच सुरू करा." संबळवाल्यानं हात थांबवला. सोंगं खाली बसली. आणि अख्ख्या गावानं साहेबांकडे पाठ केली, कडेवरच्या पोरांनीसुद्धा.

साहेबांना उठावंच लागलं. गावानं सांगितलं ते पहिलं नाव त्यांनी मोठ्यानं घेतलं: चैती भोये. तिनं जन्मात एक मुखवटा कोरला नव्हता. तरी उंबरमाळला पहिलं नाव तिचंच.