प्लास्टिकातली कात्री

वस्तू माणसांशी बोलायच्या आणि माणसं ऐकायची नाहीत, त्या काळची गोष्ट. केरबाने आपल्या जीपसाठी मोठ्या हौसेने प्रथमोपचाराची पेटी भरली. रक्त थांबवायच्या जाड पट्ट्या, कापूस आणि एक कात्री.

"अहो केरबा, मला या प्लास्टिकातून बाहेर तरी काढा," कात्री म्हणाली.

"राहू दे की. नवी राहशील."

"नवी राहून काय करू? ऐनवेळी मला उघडायला दुसरी कात्री कुठून आणाल?"

"फार बोलतेस बघ तू," म्हणत केरबाने झाकण लावलं. सीटांवरचं प्लास्टिकही त्याने तीन वर्षं काढलं नव्हतं.

मग एकदा घाटात जीप कठड्यावर आदळली आणि काच फुटून त्याच्या बायकोचा, सगुणाचा दंड चिरला. बाही कापायची होती, पट्टी कापायची होती. केरबाने कात्रीचं प्लास्टिक नखांनी ओरबाडलं, दातांनी ओढलं, पण ते फाटेना. शेवटी सगुणानेच दातात धरून पदर फाडला आणि दंड आवळून बांधला.

"बघा, अजून नवीच आहे मी," कात्री म्हणाली.

जखम भरल्यावर केरबा बाजारात गेला आणि पहिलीचं प्लास्टिक कापायला दुसरी कात्री घेऊन आला. ती त्याने पेटीत पहिलीशेजारी ठेवली. प्लास्टिकसकट. नवी राहावी म्हणून.