वस्तादांची हाक

शेवंताच्या सुजलेल्या कानातलं रक्त डॉक्टरांनी सुईनं काढलं, पट्टी बांधली आणि यापुढं कान झाकणारी टोपी घालूनच कुस्ती खेळायला सांगितलं. ती टोपी बघून हैबती वस्ताद भर तालमीत हसले.

"मोडलेला कान म्हणजे पैलवानाचा दागिना! त्यापायी कुणाचं काय बिघडलंय ते दाखव, मग खुशाल घाल टोपी."

"दाखवते. माझ्या बाबांना एक हाक मारा."

तिचा बाप बाळकू, एकेकाळचा वस्तादांचा लाडका पठ्ठा, दाराबाहेर पाठमोरा बसला होता. कुस्तीत मोडून दोन्ही कानांचे गोळे झालेले, भोकंही बुजलेली.

"त्या मगरुराला? बारा वर्षांमागं माझ्या हाकेला वळला नाही, म्हणून तर हाकलला त्याला!"

"एकदाच, वस्ताद."

"बाळकू!" वस्ताद गरजले. कौलांवरचे पारवे उडाले, पण बाळकूची मान हलली नाही.

"बघ, अजून माज उतरला नाही."

"माज नाही वस्ताद, तुमचा दागिना आहे तो."

शेवंतानं जाऊन बापाच्या खांद्याला हात लावला आणि वस्तादांकडं बोट केलं. बाळकू धडपडत आला आणि त्यांच्या पायांवर कोसळला.

"बोलावलंत, वस्ताद? बारा वर्षं तुमच्या हाकेची वाट बघतोय."