तायडेबाई पहिलीत बसल्या

वेळ सकाळी अकराची. महिना मे. स्थळ, कवठाळ केंद्रशाळेतली सातवीची खोली. पंखे दोन, त्यातला एक चालू.

"बाई, तुम्ही वाचत का नाही?" खंदारे सरांनी विचारलं.

"येत नाही," तायडेबाई म्हणाल्या.

खोलीत हशा पिकला. खंदारे सर तेवढे हसले नाहीत. दुपारी शिक्षणाधिकारी बोदडे साहेब येणार होते आणि सरांची गोष्ट आज इथेच ठरायची होती.

पहिली-दुसरीच्या मुलांना वाचायला कसं शिकवावं, याचं हे उन्हाळी प्रशिक्षण. त्यासाठी तालुक्यातले शिक्षक भर सुट्टीतून उचलून आणलेले. कुणाच्या घरी लग्न, कुणाचं माहेर राहिलेलं, आणि सोनोने मॅडमचे तर कुरडयांचे गहू घरी भिजत पडलेले. असलं प्रशिक्षण दर वर्षी मे महिन्यातच होतं. म्हणजे शाळेत औषधालाही मूल सापडत नाही तेव्हा. का, ते कुणी विचारत नाही. विचारलंच तर चहा पुढे करतात.

मुलं नाहीत म्हणून एक रीत पडून गेली आहे. शिकवणारा फळ्यासमोर उभा राहतो आणि शिक्षकांना सांगतो, आता तुम्ही पहिलीतली मुलं. मग टक्कल पडलेले मुख्याध्यापक टाळ्या वाजवतात, बोट वर करतात आणि समोर धरलेलं सगळं घडाघडा वाचून दाखवतात. फोटो निघतात. फोटो व्हॉट्सअॅपच्या गटावर जातात. संध्याकाळपर्यंत पद्धत यशस्वी झालेली असते.

यंदाची पद्धत खुद्द खंदारे सरांची होती. नाव वाचनशिडी. चित्र बघा, नाव सांगा, टाळीवर शब्द तोडा, हवेत गिरवा, वाचा... आणि वाचून झालं की रॉकेट टाळी. साहेबांना पसंत पडली, तर जूनपासून जिल्ह्यातल्या एकूण एक शाळेत हीच शिडी लागणार होती, आणि दिगंबर खंदारे हे त्यांच्या आडगावच्या शाळेतून उठून जिल्ह्याचे मार्गदर्शक होणार होते. सरांनी नवा शर्ट शिवून घेतला होता. तो सकाळपासून पाठीला चिकटला होता.

तायडेबाईंना बोलावण्याची कल्पनाही त्यांचीच. बाईंनी त्यांना लहानपणी शिकवलेलं. आता निवृत्त होऊन बाईंना पुष्कळ वर्षं झाली होती, पण तालुक्यात अजून कुणी नुसतं "बाई" म्हटलं तरी लोकांना त्याच आठवत. त्यांच्या हस्ते उद्घाटन करावं, साहेबांसमोर त्यांच्या पाया पडावं, आणि मला वाचायला शिकवलं ते या माउलीनं, असं दाटल्या गळ्यानं सांगावं, एवढा साधा बेत होता.

उद्घाटन झालं. शाल दिली, नारळ दिला. बाईंनी घरी जायला हवं होतं.

पण पुढे मुलं-मुलं खेळायचं आहे असं कानावर आल्यावर त्यांनी शाल घडी करून सतरंजीवर टाकली आणि तिच्यावर मांडी घालून पहिल्या रांगेत बसल्या.

"मीही बसते," म्हणाल्या. "या बाजूनं कधी बसले नाही."

सरांना आनंदच झाला. फोटोत बरं दिसेल.

मग त्यांनी कार्ड काढलं. वर चित्र, खाली ओळ. माकड झाडावर चढले. साऱ्या वर्गानं ओळ एका दमात वाचली आणि रॉकेट टाळी वाजवली. सरांनी कार्ड कौतुकानं बाईंसमोर धरलं.

आणि बाई म्हणाल्या, येत नाही.

सर पहिल्या पायरीवर गेले. चित्रात काय दिसतं, ते विचारलं. बाईंनी चित्राकडे बघितलं, खिडकीबाहेर बघितलं, आणि पाणी प्यायला जाऊ का असं विचारलं. सर म्हणाले, आधी सांगा. बाई म्हणाल्या, माकड.

सरांचा जीव भांड्यात पडला. टाळीवर तोडा, ते म्हणाले. बाईंनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि वाजवतच राहिल्या. त्यांना टाळ्या आवडल्या होत्या. थांबवेपर्यंत सोनोने मॅडमच्या डोळ्यांतून हसून हसून पाणी यायला लागलं होतं.

हवेत गिरवा म्हटल्यावर बाईंनी सरांच्या नाकासमोर काहीतरी मोठं, गोल गिरवलं.

"आता वाचा."

"येत नाही."

सोनोने मॅडमनी शेजारून हळूच ओळ सांगून टाकली. बाईंनी तोंड वर केलं. "गुरुजी, ही सांगते ते म्हणू का?"

पुन्हा हशा. मागच्या भिंतीला टेकलेले, एरवी प्रशिक्षणात डोळे मिटून घेणारे दोन मुख्याध्यापक पुढे सरकून बसले. उन्हाळ्यात एवढं मनापासून कुणी ऐकलं नव्हतं.

सरांनी घड्याळ पाहिलं. मग वाकून, आवाज खाली आणून म्हणाले,

"बाई, थट्टा पुरे. तुम्हाला वाचता येतं."

"तायडेबाईला येतं. मी पहिलीतली आहे. तूच म्हणालास ना?"

"पहिलीतल्या मुलालाही या पायरीवर यायला पाहिजे."

"मला आलं नाही."

"बाकी सगळ्यांना आलं."

"त्यांना कधीपासून येतं?"

खंदारे सर रागीट माणूस नव्हते, पण त्या घडीला त्यांना राग आला. तीन उन्हाळे त्यांनी या शिडीवर घालवले होते. पुण्याला जाऊन आले होते, गट केले होते, प्रात्यक्षिकं दिली होती. प्रत्येक ठिकाणी प्रत्येक जण वरच्या पायरीपर्यंत पोचला होता. एक माणूस कधी अडला नव्हता. एकही... हे आठवलं आणि राग जसा चढला होता तसा उतरायला लागला. कुठल्या प्रात्यक्षिकात कोण बसलं होतं, ते एकेक डोळ्यांसमोर येत गेलं. सगळे पगारदार. सगळे पदवीधर.

त्यांनी कार्ड उलटसुलट केलं. मग नवा शर्ट चुरगळेल याचा विचार न करता ते सतरंजीवर, बाईंच्या समोर, खाली बसले.

"गुरुजी," बाईंनी विचारलं, "माकड का चढलं?"

"ते कार्डावर नाही."

"मग वाचून काय करू?"

सरांनी कार्डाकडे पाहिलं. कार्डावरचं माकड त्यांनीच काढलं होतं. फांदीला धरून ते खाली बघत होतं. खाली काय आहे, ते मात्र त्यांनी काढलं नव्हतं.

"कुत्रं असेल," ते म्हणाले.

"कुत्र्याला भिऊन एवढं वर?"

"मोठं असेल."

"कुणाचं?"

मागून एक मुख्याध्यापक म्हणाले, आमच्या सरपंचाचं आहे तसलं. सोनोने मॅडम म्हणाल्या, कुत्रं नाही, माकडानं कुणाच्या तरी गच्चीवरच्या कुरडया पळवल्या असतील आणि ती बाई काठी घेऊन खाली उभी असेल. मग त्या बाईला काठी कुठली द्यायची, माकडानं कुरडई कच्चीच खाल्ली की वाळलेली, यावर खोलीत असा गोंधळ माजला की शिडी, पायऱ्या, रॉकेट सगळं बाजूला राहिलं. सरही त्या भांडणात पडले. माकड कच्चीच खाणार, वाळेपर्यंत थांबणारं माकड त्यांनी पाहिलेलं नव्हतं.

त्याच वेळी दारात बोदडे साहेब उभे राहिले.

साहेब वेळेच्या पुष्कळ आधी आले होते. साहेबांनी पाहिलं ते असं. मार्गदर्शक सतरंजीवर, शर्ट चुरगळलेला, प्रमुख पाहुण्या त्यांच्यासमोर मांडी घालून, आणि तालुक्याचा शिक्षकवर्ग कुरडईवर तावातावानं बोलतो आहे.

सगळे एकदम उठले. बाई बसूनच राहिल्या. पहिलीतल्या मुलाला साहेब कळत नाहीत.

"चालू द्या," साहेब म्हणाले. खुर्चीवर बसले, घाम पुसला. "बघू तुमची शिडी. खंदारे, सांगा, कशी आहे?"

इथे सरांना सगळं वाचवता आलं असतं. पाठ केलेलं भाषण तयार होतं. शिक्षक तयार होते. बाईंकडे न बघता कार्ड सोनोने मॅडमसमोर धरलं असतं, की जूनपासून जिल्हा सरांचा होता.

त्यांनी बाईंकडे पाहिलं. बाई खिडकीबाहेर बघत होत्या.

"चांगली आहे साहेब," सर म्हणाले. "ज्यांना वाचता येतं, त्यांना फार लवकर शिकवते."

आधी कुणी हसलं नाही. मग साहेबच हसले, आणि ते हसले म्हटल्यावर सगळ्यांना परवानगी मिळाली.

"आणि ज्यांना येत नाही त्यांना?"

"ते मला माहीत नाही. ती मुलं सुट्टीवर आहेत."

साहेबांनी रुमाल घडी करून खिशात ठेवला. शिडी जिल्ह्याला लावायचं तूर्त राहू दे, म्हणाले. जूनमध्ये आधी तुमच्याच वर्गात लावा, मुलं किती चढतात ते बघायला मी येतो. सरांची आडगावची शाळा आणखी एक वर्ष तरी सुटत नाही, हे खोलीतल्या सगळ्यांना कळलं. सरांनाही कळलं. मागाहून त्यांना नवल वाटलं ते याचं की त्यांना त्या क्षणी हलकं वाटलं होतं.

चहा आला. चहाबरोबर साहेब मोकळे झाले. बाईंची ओळख करून दिली तेव्हा हात जोडून म्हणाले, तुमचं नाव फार ऐकून आहे.

सरांना आपला सकाळचा बेत आठवला. गळा काही दाटून आला नाही, पण सांगायचं ते त्यांनी सांगितलं. मला वाचायला शिकवलं ते या बाईंनी.

"असं?" साहेब पुढे झुकले. "मग बाई, प्रश्नच मिटला. याला कसं शिकवलंत, तेच सगळ्यांना सांगा. कोणती पद्धत?"

खोलीभर पेनांची टोपणं निघाली.

बाईंनी कप खाली ठेवला.

"वर्षभर सगळं करून पाहिलं," त्या म्हणाल्या. "पाटी केली, चिंचोके केले, रागावले, जवळ घेतलं. काही उपयोग झाला नाही. एप्रिल संपला तेव्हा याला एक ओळ येत नव्हती."

सरांनी चमकून वर पाहिलं.

"पण बाई... तुम्हीच शिकवलंत मला. मी जन्मभर सांगत आलोय."

"तू सांगतोस. मी कधी म्हटलं?"

"मग?"

"सुट्टी लागली. शाळेला कुलूप घातलं. मी माहेरी गेले. जूनमध्ये कुलूप काढायला आले, तर शाळेच्या दारावर तंबूच्या सिनेमाची जाहिरात चिकटवलेली, आणि हा ती दुसऱ्या पोरांना मोठ्यानं वाचून दाखवत होता. न अडता."

साहेबांनी सरांकडे पाहिलं. सरांनी आठवून पाहिलं. ऊन आठवलं, तंबू आठवला, पायाला चटके बसायचे ते आठवलं. पुढचं काही केल्या आठवेना.

बाई उठल्या. शाल झटकली, काखेत मारली आणि नारळ घेऊन दाराकडे निघाल्या. उंबऱ्यापाशी थांबून त्यांनी वर्गाकडे वळून पाहिलं.

"त्या मे महिन्यात या दिगूला कोणी शिकवलं, ते त्याच्या आईला विचारलं, तंबूवाल्याला विचारलं," त्या म्हणाल्या. "अजून कुणी सांगितलेलं नाही."