टिचकीचा मोजा आणि थंडीत अडलेली जीप

उंच डोंगर. डोंगरावर गाव. गावाचं नाव गारमाळ. तिथं थंडी फार. इतकी थंडी, की सकाळी गवतसुद्धा पांढरं दिसायचं.

त्या गावात एक उंदरीण राहायची. तिचं नाव टिचकी. टिचकी केवढी? अंगठ्याएवढी. तिला पाच पिल्लं. पिल्लं केवढी? शेंगदाण्याएवढी.

पिल्लांना अंथरूण एकच. लाल मोजा. लोकरीचा, ऊबदार. पाचही पिल्लं मोज्यात शिरायची आणि गाढ झोपायची.

एके दिवशी दव पडलं आणि मोजा भिजला. टिचकीने तो उन्हात वाळत घातला. ऊन कुठं पडलं होतं? मालन सिस्टरच्या जीपमागे.

मालन सिस्टर म्हणजे गावची नर्स. हिरव्या जीपमधून त्या पाड्यापाड्यावर जायच्या आणि बाळांना डोस पाजायच्या. त्या दिवशी त्यांना लांब जायचं होतं. वरच्या पाड्यावर आया बाळांना घेऊन बसल्या होत्या. सिस्टरनी डोसाची निळी पेटी सीटवर ठेवली. हँडब्रेक सोडला. किल्ली फिरवली.

घूं... घूं... फुस्.

पुन्हा फिरवली.

घूं... फुस्.

जीप सुरू होईना. पण उतारावर ती जराशी मागे सरकली. सिस्टरनी ब्रेक दाबला, मागचं चाक थांबलं. कुठं थांबलं? नेमकं लाल मोज्यावर.

टिचकीने मोजा ओढला. दातांनी ओढला. शेपटी ताठ करून ओढला. मोजा सुटेना. बिळात पिल्लं कुडकुडत होती. चीं चीं चीं.

मग टिचकी गेली चाकाकडे. तुरु तुरु, तुरु तुरु.

"चाकदादा, चाकदादा, फिर ना. मोजा सुटेना, पिल्लं निजेनात."

चाक म्हणालं, "इंजिन चालल्याशिवाय मी फिरत नाही."

टिचकी गेली इंजिनाकडे. तुरु तुरु, तुरु तुरु.

"इंजिनदादा, इंजिनदादा, चाल ना. चाक फिरेना, मोजा सुटेना, पिल्लं निजेनात."

इंजिन म्हणालं, "पोटात ठिणगी पडल्याशिवाय मी चालत नाही."

ठिणगी कोण पाडतं? प्लग. इंजिनावर चार प्लग होते, चार भाऊ. टिचकी गेली त्यांच्याकडे. तुरु तुरु, तुरु तुरु.

"प्लगदादा, प्लगदादा, ठिणगी पाडा ना. इंजिन चालेना, चाक फिरेना, मोजा सुटेना, पिल्लं निजेनात."

प्लग म्हणाले, "बॅटरी जागल्याशिवाय आम्ही ठिणगी पाडत नाही."

टिचकी गेली बॅटरीकडे. तुरु तुरु, तुरु तुरु. बॅटरी कोपऱ्यात पेंगत होती. तिच्या डोक्यावर पांढरा पांढरा खार साचला होता.

"बॅटरीताई, बॅटरीताई, जागी हो ना. ठिणगी पडेना, इंजिन चालेना, चाक फिरेना, मोजा सुटेना, पिल्लं निजेनात."

बॅटरीने एक जांभई दिली. म्हणाली, "डोक्यावरचा खार जाईपर्यंत मला जोर नाही. मिस्त्री उठल्याशिवाय मी जागत नाही."

मिस्त्री कोण? शेजारचे सुभानचाचा. गावातल्या साऱ्या गाड्या तेच दुरुस्त करायचे. सिस्टरनी त्यांना दोनदा हाक मारली होती. पण ते शेडमध्ये बसले होते, घोंगडी लपेटून. टिचकी गेली त्यांच्याकडे. तुरु तुरु, तुरु तुरु.

"सुभानचाचा, सुभानचाचा, उठा ना. बॅटरी जागेना, ठिणगी पडेना, इंजिन चालेना, चाक फिरेना, मोजा सुटेना, पिल्लं निजेनात."

सुभानचाचांनी आपली बोटं दाखवली. बोटं गारठून लाकूड झाली होती. ते म्हणाले, "बेटा, हातात पाना धरवत नाही. पाणी तापल्याशिवाय मी उठत नाही."

टिचकी गेली पाण्याकडे. तुरु तुरु, तुरु तुरु. पाणी शेडमधल्या चुलीवर काळ्या पातेल्यात होतं. गार गार.

"पाणीमामा, पाणीमामा, तापा ना. मिस्त्री उठेना, बॅटरी जागेना, ठिणगी पडेना, इंजिन चालेना, चाक फिरेना, मोजा सुटेना, पिल्लं निजेनात."

पाणी म्हणालं, "चूल पेटल्याशिवाय मी तापत नाही."

टिचकी गेली चुलीकडे. तुरु तुरु, तुरु तुरु.

"चूलमावशी, चूलमावशी, पेट ना. पाणी तापेना, मिस्त्री उठेना, बॅटरी जागेना, ठिणगी पडेना, इंजिन चालेना, चाक फिरेना, मोजा सुटेना, पिल्लं निजेनात."

चूल हळूच म्हणाली, "माझी लाकडं दवाने ओली झाली. राखेत एकच निखारा उरलाय, तोही विझत आलाय. सुक्या काड्या मिळाल्याशिवाय मी पेटत नाही."

आता कुणाकडे जायचं? टिचकीने इकडे पाहिलं. टिचकीने तिकडे पाहिलं. काड्यांना काही पाय नसतात. त्या काही आपणहून येणार नाहीत.

बिळातून आवाज आला. चीं चीं चीं.

टिचकी म्हणाली, "मीच आणते."

शेडच्या मागे करवंदीची जाळी होती. वरून ओली, आतून सुकी. पण आत काटे फार. टिचकी आत शिरली. काटा टोचला. टिचकी थांबली नाही. कुरुम कुरुम काडी तोडली, तोंडात धरली आणि धावली. तुरु तुरु, तुरु तुरु.

एक काडी आणली. निखारा तसाच.
दोन काड्या आणल्या. निखारा तसाच.
तीन आणल्या, चार आणल्या. थोडा धूर आला.
पाच आणल्या, सहा आणल्या. टिचकीला धाप लागली.
सातवी काडी तिने ठेवली आणि फुंकर घातली. एवढीशी फुंकर. फूऽऽ.

फर्र. चूल पेटली.

चूल पेटली, पाणी तापलं. खळ खळ खळ.

पाणी तापलं, मिस्त्री उठले. सुभानचाचांनी गरम पाण्यात बोटं बुडवली. एक बोट हललं. दुसरं हललं. दहाही बोटं हलली. मग त्यांनी पातेलं उचललं, पाना घेतला आणि जीपचं तोंड उघडलं.

मिस्त्री उठले, बॅटरी जागी झाली. गरम पाणी पडलं तसा पांढरा खार विरघळला. सर्र सर्र सर्र. चाचांनी ब्रशने घासलं. फडक्याने पुसलं. वायरी घट्ट केल्या. बॅटरीने डोळे उघडले.

चाचा म्हणाले, "सिस्टर, किल्ली फिरवा."

सिस्टरनी किल्ली फिरवली.

घूं घूं घूं. धड धड फुस् धड. धड धड फुस् धड.

इंजिन चाललं, पण अडखळत चाललं. जीप थरथरली. चढ काही चढेना. चाक होतं तिथंच राहिलं. मोजाही तिथंच.

सिस्टरनी घड्याळ पाहिलं, निळ्या पेटीवर हात ठेवला. टिचकी दगडावर बसून बघत राहिली. आता काय?

चाचांनी कान पुढे केला. धड धड फुस् धड. ते म्हणाले, "चार भावांपैकी तीन भाऊ बोलतात, एक गप्प आहे. कोण गप्प आहे, ते आता कानाने शोधायचं."

चाचांनी जाड फडक्यात धरून पहिल्या प्लगची वायर काढली. इंजिन आणखी अडखळलं. म्हणजे पहिला बोलत होता. वायर परत लावली.

दुसऱ्याची काढली. इंजिन आणखी अडखळलं. म्हणजे दुसराही बोलत होता. वायर परत लावली.

तिसऱ्याची काढली. आवाज तोच. धड धड फुस् धड. जरासुद्धा बदलला नाही.

चाचा म्हणाले, "सापडला."

इंजिन बंद करून त्यांनी तिसरा प्लग बाहेर काढला. त्याचं तोंड काळंकुट्ट. सगळी काजळी. तोंडभर काजळी असल्यावर ठिणगी पडणार कशी? चाचांनी त्याचं तोंड घासलं. पुसलं. फुंकर मारली. प्लग चकचकीत झाला. मग तो जागच्या जागी बसवला आणि चाचा बाजूला झाले.

सिस्टरनी किल्ली फिरवली.

धडधडधडधड. धडधडधडधड.

एकसुद्धा फुस् नाही.

चूल पेटली, पाणी तापलं, मिस्त्री उठले, बॅटरी जागी झाली, ठिणगी पडली, इंजिन चाललं, चाक फिरलं. आणि लाल मोजा सुटला.

टिचकीने मोजा दातांत धरला. मोजा मोठा, टिचकी छोटी. तरी ती मान वर करून निघाली. सिस्टरनी आरशातून ते पाहिलं आणि मोजा पूर्ण बाजूला जाईपर्यंत ब्रेक दाबून जीप धरून ठेवली. सुभानचाचांनी टिचकीला सलाम केला. म्हणाले, "आज खरी मिस्त्री तू."

हिरवी जीप चढ चढली. वळण घेतलं. वरच्या पाड्यावर तिचा आवाज आधी पोचला, मग जीप पोचली. धडधडधडधड. आया उठून उभ्या राहिल्या. बाळांनी आ केला. सगळ्यांना डोस मिळाला. एकही बाळ राहिलं नाही.

आणि टिचकी? तिने मोजा उन्हात झटकला. मोजा कोरडा, मऊ, ऊन ऊन. पहिलं पिल्लू आत शिरलं. दुसरं शिरलं. तिसरं शिरलं. चौथं शिरलं. पाचव्याला टिचकीने नाकाने ढकललं.

चीं चीं थांबलं.

जीप गेली घाटात, पिल्लं निजली मोज्यात, आणि गोष्ट आली तुमच्या कानात.