बर्फावरचा कौल

“...आणि देवाचा कौल चुकलाच तर, तात्या?”

विश्राम धुरी देवळाच्या पायरीशी उभा राहून विचारत होता. पायांतल्या चपलाही अजून काढल्या नव्हत्या.

भिवा गुरव पायरीवर बसून पिटकुळीच्या झुबक्यातली लाल फुलं एकेक करून सुटी करत होते. म्हातारं माणूस. बोटं सावकाश चालायची, जीभ त्याहून सावकाश.

“तुझो चुकता काय?” त्यांनी विचारलं.

“नाही. माझा अंदाज चुकत नाही.”

“मग हंय कित्याक इलंस?”

विश्रामने चपलेच्या टोकाने पायरीजवळची माती उकरली.

तसा तो परका नव्हता. लहानपणी ह्याच देवळात भिवातात्यांच्या मांडीला मांडी लावून बसायचा. देवाला कौल कसा लावायचा, ते त्याने त्यांच्याकडूनच शिकून घेतलेलं. पाण्यात भिजवलेल्या पाकळ्या पाषाणाच्या मूर्तीला चिकटवायच्या, उजव्या अंगाला आणि डाव्या अंगाला. गाऱ्हाणं घालायचं, विचारायचं ते विचारायचं आणि बसून राहायचं. उजवी सुटून पडली तर देव हो म्हणाला. डावी पडली तर नाही. सगळा गाव असाच विचारत आलेला. लग्नाचं, विहिरीचं, परगावी जाण्याचं.

पण विश्रामचं डोकं तल्लख. तो देवाकडे बघायचाच नाही. कुठली पाकळी जास्त ओली, वारा कुठल्या दाराने येतो, एवढं बघायचा आणि कुठली आधी पडणार ते देवाच्या आधी सांगून मोकळा व्हायचा. माणसं हसायची, त्याची पाठ थोपटायची.

तात्या हसत नसत.

पुढे तो शहरात गेला, शिकला, आकडेमोडीत मुरला. कुठल्या देशाचा संघ कुठल्या देशाला हरवणार, हे मोबाईलवर लोकांसमोर बसून सांगू लागला. आधी क्रिकेट, मग फुटबॉल, मग जगात जो म्हणून खेळ असेल तो. सांगेल ते व्हायचं. धुरी बोलला की झालं, असं लोक म्हणायला लागले. त्यालाही ते गोड लागायचं. कोणाला नाही लागणार?

इतक्यात त्याच्या खिशातला फोन वाजला.

“कौल इलो बघ तुझो,” तात्या म्हणाले.

विश्रामला तेवढ्यातही हसू आलं. “कौल नव्हे तात्या. कॉल. कॉल म्हणायचं.”

“कौल.”

“कॉ... ल.”

“ताच तर म्हणतंय मी. कौल.”

त्याने नाद सोडला. फोन बघितला. नंबर अनोळखी, पण इकडचाच. आजच्या सामन्याचं विचारणारा कोणीतरी असणार. सकाळपासून तेच चाललेलं. त्याने फोन कट केला आणि चपला काढून तात्यांशेजारी बसला.

मग हळूहळू त्याने सगळं सांगितलं.

त्याला एकच मुलगी, कस्तुरी. शहरात चाकांच्या बुटांवर खेळता खेळता ती बर्फावरच्या हॉकीला लागली, आणि यंदा देशाच्या मुलींच्या संघात तिला घेतलं. लांब थंड मुलखात देशोदेशीच्या संघांची स्पर्धा चालू होती. कस्तुरी गोलकीपर, पण दुसरी. पहिलीला काही झालं तरच उभी राहायची. एरवी बाकावर.

तात्यांना बर्फ ठाऊक तो बंदरावरचा.

“बर्फ मासळेक घालतत,” ते म्हणाले. “चेडवाक कित्याक त्याच्यार उभा केल्यानी?”

“पोरीचा खेळ असतो तो, तात्या.”

“पाय घसारत नाय?”

“घसरतो ना. घसरत घसरतच खेळायचं असतं.”

“हां...” तात्यांनी मान हलवली. एवढं एक त्यांना लगेच पटलं.

स्पर्धेच्या आधी कोणीतरी विश्रामला सगळ्यांदेखत डिवचलं होतं. दुसऱ्यांच्या पोरांचं मोठं सांगतोस, आता आपल्या पोरीचं सांग. विश्राम मागे हटणारा नव्हता. त्याने सगळ्या संघांचे जुने खेळ मांडले, आकडे जुळवले, आणि चेहऱ्यावरची रेघ न हलवता सांगितलं की आपल्या मुली एकही सामना जिंकणार नाहीत. कितीने हरतील तेही सांगितलं. अंदाजात नातं आणायचं नसतं, असं वर बोलला. लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं.

त्याच संध्याकाळी तिकडून कस्तुरीचा फोन आला. तिने एवढंच विचारलं.

“जिंकाल म्हणायला काय जात होतं, बाबा?”

“खोटं कसं बोलू?” तो म्हणाला.

त्यानंतर ती बोलली नाही. तो फोन लावायचा, वाजून वाजून थांबायचा. इकडे सामने होत गेले, आणि तो म्हणाला तसेच होत गेले. प्रत्येक हार त्याच्या शब्दाबरहुकूम. लोक शाबासकी देत, आणि तो पुन्हा कस्तुरीचा नंबर लावायचा. आपण बोललो म्हणून तर पोरी हरत नाहीत ना, असं रात्रंदिवस मनात यायला लागलं. असं काही नसतं, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक? तरी येत होतं.

आता शेवटचा सामना उरला होता. तो आज, दुपार कलल्यावर.

“देवाने मला एकदा खोटं पाडावं, तात्या,” तो म्हणाला. “एकदाच. उजवा कौल द्यावा, पोरी जिंकतील म्हणावं. मग मी तिला सांगेन, मी चुकलो...”

तात्यांनी फुलं ओंजळीत घेतली. ती तशीच धरून बसले.

“त्यापरास चेडवाक विचार.”

“ती बोलत नाही माझ्याशी.”

“देव तरी खंय बोलता?”

विश्राम नुसता हात जोडून राहिला. आपल्यापेक्षा मोठ्या झालेल्या शिष्याने असे हात जोडले की कोणाही गुरूला वाईट वाटावं. तात्या गुडघ्यावर हात टेकून उठले.

देवासमोर फोन न्यायची रीत नाही. विश्रामने तो पायरीवर चपलांशेजारी ठेवला.

गाभाऱ्यात गार होतं. तात्यांनी पाषाण धुतला, पुसला, पाकळ्या पाण्यात बुडवून एक उजव्या खांद्याला लावली, एक डाव्या. मग हात जोडून गाऱ्हाणं घातलं.

“बा देवा महाराजा... ह्या तुझा लेकरू आज तुझ्या पायाकडे इला हा.”

गाऱ्हाण्याला एरवी सगळा गाव साथ देतो. आज विश्राम एकटाच होता.

“व्हय महाराजा,” तो म्हणाला.

“त्याचा चेडू लांब मुलखात बर्फार उभा असा.”

“व्हय महाराजा...”

“त्याका जा काय व्हया असा, ता दी. जा काय इचारता, ता सांग.”

ह्या वेळी विश्रामचा आवाज फुटला नाही. तात्यांनीच त्याच्या वाटचं म्हटलं आणि ते बाजूला होऊन भिंतीला टेकून बसले.

दोघे बघत राहिले.

लहानपणी बघायचा तसं विश्रामला आज बघता येईना. कुठली पाकळी जास्त ओली ते कळत होतं. डावी सैल होती. वाराही तिलाच लागत होता. त्याने डोळे मिटले, पुन्हा उघडले. उजवी पड, उजवी पड, असं तो मनात घोकत होता...

पाकळ्या हलल्या नाहीत.

बाहेर ऊन अंगणाच्या मधोमध आलं. कुठेतरी भारद्वाज ओरडून गप्प झाला.

“विश्रामा,” तात्या हळूच म्हणाले. “कौल इलो.”

विश्राम ताडकन पुढे झुकला. “कुठली? कुठली सुटली?”

दोन्ही पाकळ्या होत्या तिथेच होत्या.

तात्यांनी हनुवटीने पायरीकडे दाखवलं. फोन वाजत होता. दगडावर थरथरत चपलेला जाऊन टेकला होता.

“कॉल, तात्या.” विश्रामच्या कपाळाला आठी पडली. “कॉल आहे तो. ह्या वेळी तरी...”

“घे तर.”

“नको. विचारणारे असतील, आज कोण जिंकणार म्हणून.”

“ऊठ, घे. देव खंय जाता?”

“कौल लावल्यावर विचारणाऱ्याने उठायचं नसतं. तुम्हीच शिकवलंत.”

तात्यांनी पायरीकडे मान वळवली.

फोन थांबला. थोड्या वेळाने पुन्हा वाजायला लागला. ह्या खेपेला तात्या नुसते विश्रामकडे बघत राहिले. विश्राम पाषाणाकडे बघत राहिला.

फोन थांबला. मग वाजला नाही.

ऊन पायरीवरून उतरलं. पाकळ्यांचं पाणी सुकलं. सुकल्यावर त्या गळायच्या, पण गळल्या नाहीत. कडा मुडपून तशाच दगडाला धरून राहिल्या. कौल असा अडून राहिलेला गावात कोणी फारसा पाहिला नव्हता.

“संपला गाऱ्हाणा,” तात्या म्हणाले. “ऊठ आता.”

विश्राम उठला. पायांना मुंग्या आल्या होत्या. तो भिंतीचा आधार घेत पायरीपर्यंत आला आणि त्याने फोन उचलला.

दोन्ही वेळा एकच नंबर होता. परदेशातला.

त्याने तो लावला. एक बाई हिंदीत बोलल्या. त्या मुलींच्या कोच होत्या. त्यांनी सांगितलं की सकाळी सरावात पहिल्या गोलकीपरचं मनगट दुखावलं, आज कस्तुरी उभी राहतेय. खेळाआधी मुलींचे फोन काढून घेतात. कस्तुरीने हट्ट करून त्यांच्या फोनवरून घरी लावला होता. एकदा लावला, मग अजून एकदा लावू द्या म्हणाली.

“काय... काय सांगायचं होतं तिला?” विश्राम आपल्या मराठीतच बोलून गेला.

बाईंना ते कळलं.

“कुछ नहीं जी,” त्या म्हणाल्या. “पापा की आवाज सुननी थी.”

आता द्या तिला, एकदाच द्या, असं तो म्हणाला. कसं म्हणाला, कुठल्या भाषेत, ते त्याचं त्याला कळलं नाही. बाईंनी सांगितलं, ती बर्फावर उतरली.

विश्राम पायरीवर बसला. एक चप्पल पायात, एक हातात.

तात्यांनी त्याच्यासाठी आतून गुळाचा खडा आणि पाणी आणून ठेवलं. त्याने ते बघितलंही नाही. कस्तुरी उभी राहील, हे त्याच्या आकड्यांत कुठेच नव्हतं. त्याने सगळं मांडलं होतं. कोण किती वेगाने धावते, कोण किती वेळा चुकते. बाकावर बसलेली आपली पोर तेवढी त्याने धरली नव्हती. क्षणभर त्याला आशा वाटली. म्हणजे आज चुकेन. आज नक्की चुकेन...

सावल्या लांबल्या.

मग फोन वाजायला लागला. एक झाला की दुसरा, दुसरा झाला की तिसरा. मानलं तुम्हाला. शेवटचाही बरोबर. म्हणालात तितकेच गोल. आता विश्राम प्रत्येक फोन घेत होता. पहिला शब्द ऐकायचा आणि कानापासून दूर करायचा. कस्तुरीने किती अडवले, ती रडली का, तिला कोणी उचलून धरलं का, ह्यातलं कोणी काही सांगत नव्हतं.

त्याने तिचा नंबर लावला. बंद होता.

बाईंचा लावला. वाजून वाजून थांबला. पुन्हा लावला. पुन्हा थांबला.

अंधार पडायला आला तेव्हा तो पायरीवरून उठून देवळात आला. गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी उभा राहिला, आत आला नाही. तात्या ओल्या फडक्याने पाषाण पुसत होते. वाळलेल्या पाकळ्या सुटता सुटत नव्हत्या, म्हणून नखाने अलगद खरवडत होते.

“सगळं बरोबर आलं, तात्या,” विश्राम म्हणाला. “माझं सगळं बरोबर आलं.”

तात्यांचं नख चालत राहिलं.

“एवढं मागितलं. एवढा वेळ बसलो. डावी तरी पाडायची होती...” त्याने उंबऱ्यावर कपाळ टेकलं. “देवाने मला कौलच दिला नाही.”

तात्यांनी शेवटची पाकळी तळहातावर घेतली. मग ती त्याच्या जवळ उंबऱ्यावर ठेवली.

“कौल इल्लो रे,” ते म्हणाले. “दोनदा इल्लो.”