पाच मिलीवॉट

“…पण त्यावर पाच मिलीवॉट लिहिलंय, बाबा! पाच म्हणजे अगदीच किरकोळ. मग दोष माझा कसा?”

लोहोकरे सरांनी हिरवा लेझर पॉइंटर चटईवर जवळजवळ आपटलाच. पंचवीस वर्षं कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलेला माणूस. चूक कबूल करायची सवय कुठली असणार! दहा वर्षं ते दर शुक्रवारी दुपारी या म्हाताऱ्या फकिराच्या तकियात, म्हणजे त्याच्या मठीत येत, पायाशी बसत, आणि बहुतेक वेळ स्वतःच बोलत.

मागच्या महिन्यात उरुसाला पाहुणे आले होते. कमानीवरचा फारसी लेख दाखवायला तकियात एक लांब बांबू असतो, टोकाला मोरपिसं बांधलेला. बाबांनी तो पुढे केला. सरांनी हसून बाजूला ठेवला आणि खिशातून लेझर काढला.

लोक “वा!” म्हणाले. सरांना चेव चढला. हात फिरत फिरत खाली आला आणि किरण थेट बशीर तांबोळीच्या कॅमेऱ्यात शिरला.

बशीर गावातला फोटोग्राफर. त्याचा तो एकच कॅमेरा. सेन्सर जळाला. आता कुठलाही फोटो काढा, नवरीच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत एक रेघ उमटते. ऐन मोसमात सगळी लग्नं दुसऱ्याकडे गेली, दुकानाचं शटर खाली आलं. बशीर सरांना एक शब्द बोलला नाही, आणि तेच सरांना सहन होत नव्हतं.

“तुम्ही सांगा त्याला, बाबा. माझी चूक नव्हती म्हणून. तुमचं तो ऐकेल.”

बाबांनी पॉइंटर उचलून सरांच्या हातात दिला. मग दोन बोटांनी स्वतःच्या उजव्या डोळ्याची पापणी वर ओढून धरली.

“मारा, मास्तर.”

“…बाबा!”

“पाचच आहे ना?”

सरांचा अंगठा बटणावर होता. तो दाबला जाईना.

“मोजलं होतं?” बाबांनी विचारलं.

सरांनी अंगठा बटणावरून काढला.

“मास्तर?”

“प्रयोगशाळेत. घेतला त्याच दिवशी.”

“किती?”

“…ऐंशी.”

कमानीत कबुतरं घुमत राहिली. बाबा आता ओरडले तर बरं, असं सरांना वाटलं. बाबा ओरडले नाहीत. पापणी तशीच धरून बसले. डोळ्यातून पाणी वाहून दाढीत उतरत होतं.

“माणसाचा डोळा असता तर मिटला तरी असता,” सर रडवेल्या आवाजात म्हणाले. “कॅमेऱ्याला पापणी नसते, बाबा. त्याला मी काय करणार होतो?”

बाबांनी बोटं सोडली.

“पापणी तुम्हाला होती, मास्तर… ती तुम्ही कधी मिटलीत? ऐंशी वाचलंत तेव्हाच ना?”